माझं ऱ्हाऊ द्या, तुमचं सांगा

दवाखान्यातल्या बाकावर बसण्याआधी मावशी पदराच्या टोकाने बाक पुसायच्या. स्वतःपुरती जागा पुसून त्या थांबत नसत, शेजारी कुणी येऊन बसेल म्हणून तिथलीही पुसायच्या. मग बसायच्या, चपला बाकाखाली सरकवायच्या आणि मी काही विचारायच्या आत म्हणायच्या, "माझं ऱ्हाऊ द्या शिस्टर, तुमचं सांगा."

आता दवाखान्यात आलेल्या माणसाने स्वतःचं राहू द्यायचं, तर आम्ही तिथे बसायचं कशाला? पण हे त्यांना कोण सांगणार. मी येडगावच्या बाजूला एका उपकेंद्रात नर्स आहे. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक ओटा, मागे लिंबाचं झाड आणि समोर धरणाच्या पाण्यापर्यंत गेलेला ऊस. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना आपलं दुखणं सांगायची घाई असते. रांगेतच निम्मं सांगून झालेलं असतं. मावशी एकट्याच अशा, की त्यांच्याकडून दुखणं काढून घ्यावं लागायचं, आणि ते काढता काढता आपलंच बोलून व्हायचं. तुमच्याही गावात अशी एखादी असेल. सगळ्यांचं ऐकते, म्हणून तिचं कुणी विचारत नाही.

ठेंगण्या, सावळ्या, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. उजव्या भुवईतून एक जुनी खूण गेलेली, तिथे केस उगवत नसत. कशाची खूण म्हणून विचारलं तर हसून सांगायच्या, "ल्हानपनी बैलानं मुका घेतला." माहेर आंबेगाव तालुक्यातलं, यापलीकडे स्वतःबद्दल काही नाही. दुसऱ्याच्या घरातलं मात्र सगळं त्यांना विचारायचं असे, आणि विचारलेलं लक्षात राही. कुणाच्या गाईला कालवड झाली, कुणाच्या लेकीचं कुठे जमतंय, माझा मुलगा वसतिगृहात नीट जेवतो की नाही. मी म्हणायचे, "मजेत आहे सगळं, मावशी." त्या माझ्याकडे बघत राहायच्या. तोवर पुढचा पेशंट आत आलेला असायचा.

त्यांची माझी खरी ओळख झाली ती एका वाटीवरून. मी इथे नवीन आले त्या हिवाळ्यात त्या एकदा दुपारी पदराखाली वाटी झाकून घेऊन आल्या. आत हुलग्याच्या पिठाची, रश्शात शिजवलेली शेंगोळी. झाकण काढलं तसा लसणाचा वास औषधांच्या खोलीपर्यंत गेला. म्हणाल्या, "एकल्या ऱ्हाता. तुमाला कोन करून घालतंय." मी वारूळवाडीला एक खोली घेऊन राहते, नवऱ्याची नोकरी लांब, हे त्यांनी तोवर कुठून तरी काढलेलं होतंच.

दुसऱ्या दिवशी मी ती वाटी लख्ख घासून परत द्यायला गेले. मावशींनी वाटीत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आत गेल्या, वाटीत चिमूटभर साखर टाकून आणली, माझ्या हातात दिली आणि आपला हात पुढे करून उभ्या राहिल्या.

"आता द्या," म्हणाल्या.

मी दिली.

"हां. रिकामी वाटी द्यायची न्हाई आन घ्यायची बी न्हाई."

त्यांच्याच घरची साखर माझ्या हाताने त्यांच्याच घरात परत गेली. मला परतीच्या वाटेवर हसू आवरेना. पण त्यानंतर वाटी कधी रिकामी नेली नाही. कधी मागच्या झाडाची लिंबं, कधी बिस्किटं, कधी नारायणगावहून आणलेली जिलेबी. एकदा हाताशी काहीच नव्हतं तेव्हा मी त्यात जुलाबावर देतात ते ओआरएसचं पाकीट टाकलं. मावशींनी ते आदराने घेतलं आणि पुढे कितीतरी दिवस त्यांच्या देवघरात गणपतीच्या शेजारी ते पाकीट मी बघत होते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर त्या दर आठवड्याला येऊ लागल्या. अंग मोडून येतंय, डोकं जड होतंय, पाय ओढतायत, झोप नाही. रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, रक्त तपासलं. सगळं माझ्यापेक्षा बरं. "मंग सलाईन तरी लावा," त्या म्हणायच्या. आमच्या भागात सलाईनच्या बाटलीवर लोकांची फार श्रद्धा आहे. मी त्यांना मोठ्या दवाखान्यात आमच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर वयाने तरुण आहेत, पण समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत गप्प बसता येतं त्यांना. त्यांनी ऐकलं, दोन-चार साध्या गोष्टी विचारल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, हे अंगाचं नाही, मनाचं दिसतंय. यांना ॲपमध्ये घ्या."

हे ॲप त्याच सुमारास आमच्याकडे आलं होतं. त्याचं प्रशिक्षण झालं तेव्हा मी शेवटच्या रांगेत बसून तोंड वाकडं करत होते. आमच्या टॅबमध्ये आधीच इतकी ॲपं आहेत की गरोदर बाईला मुलगा होतो की मुलगी यापेक्षा तिची माहिती वर चढते की नाही याची काळजी जास्त. आता म्हणे मोबाईलवर माणसाचं मन कळणार. पेशंटच्या घरच्या फोनवर ॲप टाकायचं. दर पंधरा दिवसांनी त्यातली एक बाई गोड आवाजात प्रश्न विचारणार, झोप कशी आहे, भूक कशी आहे, कशात मन लागतं का. उत्तराला पाच चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. बोट ठेवायचं. बरं असलं तर माझ्या टॅबवर त्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका, बिघडलं तर पिवळा, फारच असलं तर लाल. मधल्या दिवसांत ती बाई छोटी छोटी कामं सुचवणार, कारण मन उतरलं की माणूस हातपाय हलवायचा थांबतो आणि थांबला की मन आणखी उतरतं. एवढं एक मला प्रशिक्षणातही पटलं होतं.

मावशींना मी सांगितलं की याला नैराश्य म्हणतात. त्या म्हणाल्या, "ते शिकल्यासवरल्यांना हुतंय. आमाला कुटलं." पण ॲपला नाही म्हणाल्या नाहीत. त्यांचा स्वतःचा फोन बटणांचा, म्हणून ॲप सुनेच्या फोनवर टाकलं. सून हुशार, बारावी झालेली, त्यांना आत्या म्हणते. ती शेजारी उभी राहून फोन धरायची, बाई प्रश्न विचारायची आणि मावशी नीट बसून, पदर सारखा करून ऐकायच्या. पहिल्याच प्रश्नाला त्यांनी फोनला विचारलं, "माझं ऱ्हाऊ द्या बाई, तुमचं कसं काय?" फोनने पुढचा प्रश्न विचारला. मावशींना ते थोडं लागलं असावं.

त्या तिला पुण्याची बाई म्हणायच्या. तिच्या सूचना मला येऊन सांगायच्या आणि आम्ही दोघी हसायचो. एकदा बाईने सांगितलं, संध्याकाळी मोकळ्या हवेत एकट्याने फेरफटका मारा. मावशी म्हणाल्या, "सांजच्याला उसाच्या कडंनं फिराय जा म्हनतीय. बिबट्याला पुन्याहून फोन करनार हाय का ती?" आमच्याकडे दिवस मावळला की लोक गोठ्याला दार लावतात आणि पोरांना आत घेतात. बाईला ते कुणी सांगितलं नसणार. आणखी एकदा ती म्हणाली, तुमच्या आवडीचं एक काम करा. यावर मावशींनी पदराची गाठ सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाल्या, "आवडीचं म्हंजी? काम काम अस्तंय."

आणि ठिपका कायम हिरवा. पंधरा दिवसांनी हिरवा, महिन्याने हिरवा. प्रत्येक प्रश्नाला मावशींचं बोट हसऱ्या चेहऱ्यावर. डॉक्टरांना नवल वाटलं, मला मात्र वाटलं, चला, निदान एक जण तरी लवकर बरं झालं.

मग एका दुपारी मी त्यांच्या वस्तीवर गेले. मावशी ओट्यावर बसल्या होत्या. मला पाहून थोड्या सरकल्या, जागा दिली. पदर हातात होता, पण ओटा पुसला नाही.

"कसं काय, मावशी?"

"बरंय."

मी वाट पाहिली. पुढचं वाक्य आलंच नाही. समोरच्या रस्त्याने टोमॅटोचे क्रेट भरलेला एक पिकअप गेला. तो दिसेनासा झाला तरी त्या तिकडेच बघत होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला माझं सांगायला सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला भीती वाटली. टॅब माझ्या मांडीवर होता, त्यावर त्यांचं नाव, नावापुढे हिरवा ठिपका.

सून फोन घेऊन दारात आलीच होती. मी तिला म्हटलं, "लिंबं काढून आण गं झाडाची, सरबत करू." ती फोन ओट्यावर ठेवून परसात गेली.

"मावशी, आज माझं नाही विचारलं?"

"इचारते की. बरं हाय ना?"

"नाही," मी म्हणाले. "बरं नाही."

हे मी ठरवून बोलले असं लिहिलं तर माझी हुशारी दिसेल, पण तसं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. मग निघालंच आहे तर म्हणून मी ॲप सुरू केलं, फोन आमच्या दोघींच्या मधे ठेवला आणि म्हणाले, "आज आधी माझं होऊ द्या." पुण्याच्या बाईने विचारलं, गेल्या पंधरा दिवसांत तुमची भूक कमी झाली आहे का? मी सांगितलं, दिवसभर बायकांना पालेभाजी खा, वेळेवर जेवा म्हणून ओरडते आणि खोलीवर जाऊन दूध-बिस्किटं खाऊन झोपते. एकटीसाठी भाकरी थापावीशी वाटत नाही. बाईने विचारलं, एकटेपणा वाटतो का? मी सांगितलं, आई गेल्यापासून संध्याकाळचा फोन कुणाला करायचा ते कळत नाही. फोन हातात घेऊन बसते आणि ठेवून देते.

मावशींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"बिस्किटं?" त्या म्हणाल्या. "आन मला मजेत मजेत म्हनत व्हता?"

"तुम्हीही तिला बरंय बरंयच म्हणत होता की."

त्या हसल्या नाहीत. बाईने पुढचा प्रश्न विचारला. सकाळी उठावंसं वाटतं का? मी फोन जरा त्यांच्याकडे सरकवला. परसात सून काठीने लिंबं पाडत होती, त्याचा आवाज येत होता. मावशी बोलल्या, आणि फोनकडे बघून बोलल्या.

"डोळं उगडत्यात ना सकाळी, तवा वाटतं, कशाला उगडलं. सकाळ झालीच नस्ती तर बरं व्हतं." मग माझ्याकडे वळल्या. "मला काय कमी हाय, शिस्टर? मालकानं कधी हात उगारला न्हाई. पोरगं राबतंय, सून गुनाची. खायाला हाय, ल्यायला हाय. मंग मला आसं का? कुनाला सांगितलं तर म्हनतील, म्हातारीला सुख बोचाय लागलं."

आम्हाला शिकवलेलं असतं की अशा वेळी आडून विचारायचं नाही. मी सरळ विचारलं, "जिवाचं बरंवाईट करावं असं येतं का मनात?"

त्यांनी खरंच विचार केला. "करावं आसं न्हाई. पर व्हावं आसं येतं."

मी त्यांचा हात धरला. खरबरीत, थंड हात. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. रिकामी वाटी द्यायची नाही हे ज्या बाईच्या हाडात मुरलेलं, तिला मी इतकी वर्षं 'मजेत' म्हणून घासलेली रिकामी वाटीच देत आले होते. त्या तरी काय परत करणार? आज थोडं काही टाकून दिलं, तर त्यांनी लगेच भरून दिली.

"मग हसरं तोंड का दाबत होता, मावशी?"

"ती बाई एवढ्या आदबीनं इचारती. लांबच्या मानसाला काय रडगानं सांगायचं? आन फोन सुनेचा. सून उभी. म्या रडकं तोंड दाबलं तर ते कुटं जातं? तुमच्याकडं, डाक्टरकडं, पार पुन्यापतुर. समदी म्हनतील, सून बगत न्हाई."

तेवढ्यात टपटप आवाज झाला. सून दारात उभी होती आणि लिंबं तिच्या ओटीतून ओट्यावर घरंगळत होती. किती ऐकलं होतं कोण जाणे, पण तिचा चेहरा उतरला होता. "म्या काय कमी केलं, आत्या?" ती म्हणाली आणि खालीच बसली. ज्या एका गोष्टीला मावशी इतके महिने जपत होत्या ती नेमकी घडली. पण त्या उठल्या, तिच्याजवळ गेल्या, तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. "तुजं न्हाई गं, तुजं काय बी न्हाई," एवढंच म्हणत राहिल्या. मी लिंबं गोळा केली. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

त्या दिवशी उत्तरं नव्याने भरली आणि ठिपका लाल झाला. लाल ठिपका बघून माझा जीव भांड्यात पडावा, हे जरा विचित्रच. डॉक्टर दुसऱ्या दिवशी स्वतः वस्तीवर आले. त्यांनी मावशींना आणि सुनेला शेजारी बसवून सांगितलं की साखरेचा आजार होतो तेव्हा कुणी विचारत नाही घरात काय कमी आहे, तसाच हाही आजार आहे. त्याला कारण लागतंच असं नाही. मावशींनी ते वाक्य दोनदा म्हणवून घेतलं. गोळी सुरू झाली. मालकांनी रोज गोळी आणि पाण्याचा तांब्या पुढे करायचं काम आपल्याकडे घेतलं. सुनेने आपला जुना फोन पुसून, चार्ज करून सासूला दिला आणि सांगितलं, "आत्या, दार लावून घ्या आन काय वाट्टेल ते दाबा. माझं नाव व्हऊ द्या गावात."

ॲप तेच होतं, बाई तीच, प्रश्नही तेच. मी त्याला पुष्कळ नावं ठेवली आहेत, म्हणून हेही सांगायला हवं. सकाळी उठावंसं वाटतं का, हा प्रश्न त्या वस्तीवर याआधी कुणी कुणाला विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

पहिले काही आठवडे फरक काही दिसेना. मावशींचं तोंड कोरडं पडायचं, गोळीला नावं ठेवायच्या, मधेच म्हणायच्या बंद करते. डॉक्टर फोन करायचे, मी जायचे. आणि गेले की आधी माझं सांगायचे, कारण आता त्याशिवाय गाडी पुढे जात नव्हती. मी रात्री काय जेवले ते त्या विचारायच्या, मी खरं सांगायचे, त्या रागवायच्या, मग आपलं सांगायच्या. एकदा मी पिठलं-भाकरी केली असं सांगितलं तर म्हणाल्या, "फोटू दावा." तेव्हापासून मला जेवणाचे फोटो काढून ठेवावे लागले.

एक दिवस सुनेने मला हळूच बोलावलं. म्हणाली, "आत्या दार लावून काय बगत्यात माहितीये का?" फोनवर बैलगाड्यांच्या शर्यती होत्या. एकामागून एक, या घाटाच्या, त्या घाटाच्या, म्हणजे गाडे पळतात त्या चढांच्या. आवाज बारीक करून, फोन नाकाशी धरून मावशी बघत होत्या. आम्हाला दारात पाहिल्यावर चोरी पकडल्यासारख्या झाल्या. "ती बाई म्हनली आवडीचं काम करा," त्या म्हणाल्या. "मंग काय करू?"

तेव्हा कळलं की माहेरी वडिलांचे शर्यतीच्या गाड्याचे बैल होते. ही पोर त्यांना अंडी-दूध पाजायची, त्यांच्या अंगावर हात फिरवायची, आणि त्यातल्याच एकाने भुवईवर शिंग मारलं होतं. बायकांनी घाटात जायचं नाही, म्हणून लग्नाआधीही ती दुरून टेकडीवरून बघायची. लग्न झाल्यावर तेही गेलं. यात्रेत भोंग्यावरून शर्यतीचा आवाज घरात यायचा आणि ही पुरण वाटत बसायची. हे सगळं सांगताना त्यांचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता तसा होता.

चैत्रातल्या यात्रेला आम्ही त्यांना नेलं. आता बायका जातात घाटात, बसायला वेगळी जागा असते. सून, मी आणि मधे मावशी. गाडा सुटायच्या आधी त्या इतक्या शांत बसल्या होत्या की मला वाटलं, गर्दीने घाबरल्या. मग पुढून घोडी आली, मागून बैल, धुरळा उठला, भोंग्यावर नुसता कल्ला. आणि माझ्या शेजारी कुणीतरी खणखणीत आवाजात "भिर्रर्र" केलं. पुढच्या रांगेतले दोन पुरुष वळून बघायला लागले. मावशी उभ्या होत्या, पदर खांद्यावरून घसरलेला, एक हात वर. गाडा वर पोचला तशा खाली बसल्या, तोंडावर पदर घेतला आणि हसत हसत मला म्हणाल्या, "म्या न्हाई, शिस्टर. ही सून वरडली."

त्या पंधरवड्याला त्यांनी मला स्वतः बोलावून फोन दाखवला. पाच चेहऱ्यांतल्या मधल्यावर बोट ठेवलं, ना हसरा ना रडका. "आज हे," म्हणाल्या. "खरं सांगायचं तर हे." आधीच्या सगळ्या हिरव्या ठिपक्यांनी झाला नव्हता तेवढा आनंद मला त्या मधल्या चेहऱ्याने झाला. पुढे पुढे हसरा चेहराही येऊ लागला. तो मी मानला, कारण आता ओटा पुन्हा पुसला जात होता.

गेल्या थंडीत मावशी गेल्या. हृदयाचा झटका. भर दुपारी खळ्यात कांदे निवडत बसल्या होत्या, शेजारीण आपल्या जावयाचं काहीतरी सांगत होती. "मंग?" असं म्हणाल्या आणि कलंडल्या. नारायणगावला नेईपर्यंत संपलं होतं. शेजारीण मला पुन्हा पुन्हा सांगत होती, "आवो, माझं ऐकत व्हत्या." मी तिला म्हटलं, त्यांना दुसरं काही आवडलंच नसतं.

पंधरा दिवसांनी टॅबवर त्यांच्या नावापुढचा ठिपका राखाडी झाला. उत्तर आलं नाही की तो तसा होतो. नाव काढून टाका, असं डॉक्टर हळूच म्हणाले. मी हो म्हणाले आणि पुष्कळ दिवस राहू दिलं.

वाटी माझ्याकडेच राहिली होती. जायच्या आदल्याच आठवड्यात त्यांनी त्यातून शेंगोळी पाठवली होती. तेरावं झाल्यावर ती परत करायला हवी होती आणि मला त्यात काय घालावं ते सुचेना. जिलेबी शोभणार नाही, लिंबं फारच कमी वाटली. शेवटी एका संध्याकाळी हुलग्याचं पीठ आणलं आणि आयुष्यात पहिल्यांदा शेंगोळी केली. वळता येईनात. काही जाड, काही बारीक, काही रश्शात सुटली. आधी मी पोटभर जेवले, सवयीने फोटोही काढला, आणि मग वाटी भरली.

वस्तीवर गेले तेव्हा ओट्यावर कुणी नव्हतं. हाक मारली तशी सून बाहेर आली. बारीक झाली होती. वाटीवरचं झाकण काढून तिने वास घेतला.

"शेंगोळी? तुमी केली?"

"वळता येत नाहीत नीट."

"आत्यांनाबी पैल्यांदा येत नव्हती म्हनं," ती म्हणाली. मग वाटी तशीच हातात धरून उभी राहिली. आत भांडी तशीच पडलेली दिसत होती. आमच्या भागात घर एवढं आवरायचं राहत नाही, तिचं तर कधीच नाही.

"तुझं कसं चाललंय?" मी विचारलं.

तिने वाटी खाली ठेवली, ओढणीच्या टोकाने ओट्यावरची धूळ झटकली, माझ्यासाठी जागा केली आणि दुसरीकडे बघत म्हणाली, "माझं ऱ्हाऊ द्या शिस्टर, तुमचं सांगा."

मी पायातल्या चपला काढल्या, भिंतीला टेकून नीट बसले, तिला शेजारी बसवून घेतलं आणि माझं सांगायला सुरुवात केली.